किमान स्वत्व

खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेत नाहीत. मिरजेच्या वाचासेतू केंद्रात हत्यार म्हणजे सर्व्हर. काळ्या कपाटांत बसवलेले, माणसाएवढे उंच दोन सर्व्हर पाटावर मांडणं शक्य नव्हतं, म्हणून केंद्रप्रमुख घोरपडे सरांनी आपली एक रीत पाडली होती. आधी पहिला बंद करायचा, त्याला झेंडूची माळ घालायची, उदबत्ती ओवाळायची, घटकाभर विसावा द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मग दुसरा. एक विसावला की सगळा भार दुसरा उचलायचा, त्यामुळे केंद्राशी जोडलेल्या घरांमधलं बोलणं थांबत नसे.

“सर, नारळ बाहेर फोडा. पाणी आत उडालं तर देव नाही येणार निस्तरायला,” शिवलीला कोरे दारातूनच म्हणाली.

“आणि तुम्ही देवाला पासवर्ड विचारू नका,” घोरपडे सर म्हणाले. “तुमचा काही नेम नाही.”

शिवलीला हसली. केंद्राचं सुरक्षा धोरण तिच्या हाती होतं. सर्व्हरपर्यंत कोण पोचू शकतं, कुणाचं म्हणणं खरं मानायचं, कुणाला दारातून परत पाठवायचं, हे त्या धोरणातल्या बारीक बारीक सेटिंगवर ठरत असे. चौकीदाराला लिहून दिलेल्या हुकमांसारखंच ते. चौकीदार कितीही इमानी असला तरी हुकूम चुकीचा असेल तर तो इमानानं चुकीचंच वागणार.

प्रसादाचा पेढा तोंडात असतानाच पहिला फोन वाजला. तासगावची एक सून विचारत होती, “आमचे मामंजी सकाळी चांगले बोलत होते, आता एकदम गप्प झाले. डब्यावर लाल दिवा लागलाय.” तिचं बोलणं संपायच्या आत दुसरा फोन आला, मग तिसरा. चौथा शिवलीलाच्या स्वतःच्या मोबाइलवर होता. तिची सासू, अव्वा.

“अगं, महांत्या बोलंना झालाय! मी कवाधरनं हाका मारायलोय. तुमी तिकडं मशिनीवर कुकू सांडलासा काय?”

शिवलीलानं हातातला उरलेला पेढा तसाच टेबलावर ठेवला. महांतेश तिचा नवरा. आणि उद्या सकाळी त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. ते दुसरं कुणीही देऊन चालणार नव्हतं.

वाचासेतू म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. काही आजारांत माणसाचे स्नायू एकेक करून निकामी होतात. हात जातात, पाय जातात, मग जीभ आणि ओठ. बुद्धी मात्र शाबूत असते. माणूस आत पूर्ण जागा, आणि बाहेर यायची सगळी दारं बंद. पण बोलायचं मनात आणलं की मेंदूचा जो भाग जिभेला हुकूम सोडतो, तो अजूनही हुकूम सोडत असतो. जीभ तो पाळत नाही, एवढंच. कवटीच्या आत त्या भागावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ जाळी बसवली, की हे हुकूम टिपता येतात. जाळीची तार उशाशी ठेवलेल्या डब्यात जाते. डबा ते संदेश केंद्राच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर त्यांतून शब्द ओळखतो, आणि ते शब्द त्याच माणसाच्या जुन्या आवाजात डब्यातून ऐकू येतात.

महांतेशचं मिरजेच्या बाजारात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या पंपाची मोटार उघडायची, तांब्याची काळी पडलेली तार उपसायची, नवी तार मोजून गुंडाळायची. माणूस कामाला पक्का, बोलायला तुटक. गिऱ्हाइकानं जास्त चौकशी केली तर “पंप पाहिजे का गप्पा?” असं विचारणारा. आजारानं त्याला अंथरुणाला खिळवलं, मग मुकं केलं. पुढं पापणीही त्याच्या ताब्यात राहिली नाही. गेली दोन वर्षं तो वाचासेतूवर बोलत होता. आणि नवल म्हणजे, आता तो छान बोलत असे. संध्याकाळी शिवलीला घरी आली की डबा म्हणे, “दमलीस का गं आज? बस जरा. तुझ्या हातच्या चहाची चव अजून आठवते मला.” लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि असं बोलणं तिला आजारपणात ऐकायला मिळालं होतं. दुखण्यानं माणूस मऊ होतो, असं ती मैत्रिणींना सांगायची.

आता त्याचा श्वास उणावत होता. मास्क लावून भागत नव्हतं. घशाला छिद्र पाडून कायमचं श्वासाचं यंत्र लावायचं की नाही, हे ठरवायची वेळ आली होती. डॉक्टर रेहाना मुल्ला यांनी गेल्या आठवड्यात त्याला विचारलं, तेव्हा डबा म्हणाला होता, “हो डॉक्टर, लावा. शिवलीलासाठी, अव्वासाठी मला जगायचंय.” अव्वानं तिथल्या तिथं बोटं मोडून दृष्ट काढली होती. पण एकदा विचारून भागत नाही. मधे काही दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा विचारायचं, असा नियम. तो दुसरा प्रश्न उद्याचा होता. आणि आज महांतेशच्या डब्यावर लाल दिवा होता.

“कुंकू गेलं असणार पंख्यात,” घोरपडे सर सर्व्हरच्या मागे वाकून टॉर्च मारत म्हणाले. “दरवर्षी म्हणतो अष्टगंध आणा म्हणून.”

“सर, कुंकवानं सर्व्हर गरम झाला असता. नकार दिला नसता,” शिवलीला म्हणाली. तिच्या पडद्यावर ओळींमागून ओळी येत होत्या, सगळ्या एकसारख्या: उच्चार नाकारला. स्वत्व अपुरं. “यंत्र बिघडलेलं नाही. यंत्र हुकूम पाळतंय. पण हा हुकूम आपण दिलेला नाही.”

“मग कुणी दिला?”

“अपडेटनं.”

“अपडेट सर्वपित्रीच्या आधी झाला की हो! सगळं नवरात्र नीट गेलं.”

 शिवलीलानं सर्व्हरवरच्या झेंडूच्या माळेकडे पाहिलं.

“अपडेट आत येऊन बसला होता, सर. पण धोरणातले नवे हुकूम सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरच लागू होतात. आपण सर्व्हर कधी बंद करतो? कधीच नाही. वर्षातनं एकदा, खंडेनवमीला. आज आपण दोघांनाही झोपवलं आणि उठवलं. एकच उठवला असता तर निम्मी घरं तरी बोलत राहिली असती.”

घोरपडे सर टॉर्च बंद करून खुर्चीत बसले. “म्हणजे पूजा भोवली.”

“पूजेनं फक्त दार उघडलं.”

नवं सेटिंग तिला लवकरच सापडलं. त्याचं नाव होतं ‘किमान स्वत्व’. ते का आलं, हेही बरोबरच्या टिपणात लिहिलं होतं. वाचासेतूवरचं बोलणं आता कायद्यानं तोंडच्या बोलण्याइतकंच खरं मानलं जाई. त्यावर खातं उघडे, मृत्युपत्र होई. कुठंतरी एका भावानं उशाशी बनावट डबा जोडून मुक्या बहिणीच्या आवाजात जमिनीला संमती दिली होती. म्हणून आता प्रत्येक वाक्यात खुद्द माणसाच्या मेंदूतून आलेला भाग किती, हे सर्व्हर मोजणार होता. त्याला म्हणायचं स्वत्व. ते ठरलेल्या मापापेक्षा कमी भरलं तर वाक्य बाहेर जाणार नाही.

जुन्या धोरणात हे माप शून्य होतं. म्हणजे मोजणीच नव्हती.

“मग पुन्हा शून्य करा की,” घोरपडे सर म्हणाले. बाहेर फोन थांबत नव्हते. “लोकांचा जीव टांगणीला लागलाय. तुमचाही.”

“करते. आधी मागच्या खोलीतल्या चाचणी सर्व्हरवर करून बघते.”

मागच्या खोलीत एक तिसरा, जुना सर्व्हर होता. त्याला कुणी माळ घातली नव्हती की बंद केलं नव्हतं, त्यामुळे तो अजून जुन्याच हुकमांवर चालत होता. शिवलीलानं आपल्या घरचा डबा तेवढा त्या सर्व्हरकडे वळवला आणि अव्वाला फोन लावला.

“अव्वा, फोन डब्यापाशी धरा. दिवा कसला आहे?”

“हिरवा झाला गं! थांब…”

फोनमधून महांतेशचा आवाज आला, “अव्वा, घाबरलीस होय? मी आहे इथं.”

शिवलीलानं डोळे मिटून घेतले.  इथंच थांबून ती खुशाल शून्य लिहून मोकळी होऊ शकली असती. पण तिची कामाची एक शिस्त होती. कुलूप दुरुस्त केल्यावर खऱ्या किल्लीनं ते उघडतं का, एवढंच बघून चालत नाही. चुकीच्या किल्लीनं ते उघडत नाही ना, हेही बघावं लागतं.

“अव्वा, एक करा. डब्याच्या मागं जी पांढरी तार आहे, त्यांच्या डोक्याकडून आलेली, ती जरा ओढून काढा. एवढ्यात परत लावू.”

“काढू? त्याला काय व्हायचं न्हाई न्हवं?”

“काही होत नाही.”

थोडी खुडबुड ऐकू आली. “ही बघ, निघाली. हातात हाय माझ्या.”

आता एकही शब्द यायला नको होता. तार काढली तरी डबा गप्प बसत नाही, विजेची बारीक खरखर तो सर्व्हरकडे पाठवत राहतो. पण खरखरीत माणूस नसतो.

“अव्वा,” फोनमधून महांतेशचा आवाज आला, “जेवलीस का वेळेवर? गोळी घे आठवणीनं.”

“व्हय रं माझ्या राजा, घेतली की गोळी!” अव्वा म्हणाली. तिच्या हातात ती तार होती, आणि आवाज आनंदानं भरून आला होता. “शिवे, ऐकलंस? बोलाय लागला बघ!”

शिवलीलानं फोन कानापासून दूर धरला. खोलीत पंख्यांची घरघर होती, आणि त्या घरघरीतून तिच्या नवऱ्याचा आवाज आईची विचारपूस करत होता.

यात जादू नव्हती, कुणाची लबाडीही नव्हती. मोबाइलवर दोन अक्षरं लिहिली की तिसरं तो आपणहून सुचवतो, तसा वाचासेतूत एक भाग होता, त्याचं नाव पूर्ती. रुग्णाला प्रत्येक अक्षरासाठी झगडावं लागू नये म्हणून तो पुढचे शब्द पुरवी. सुरुवातीला महांतेश दहातले आठ शब्द स्वतः बोलत असे आणि दोन पूर्ती भरी. आजार वाढला, मेंदूतला हुकूम क्षीण होत गेला, तशी पूर्ती न सांगता पुढं सरकत गेली. महांतेशच्या फोनमधले जुने निरोप तिला शिकवायला दिले होते, पण ते होते तरी किती? ‘येतो’, ‘आणतो’, ‘बरं’. बाकीचं तिनं इतर घरांतल्या हजारो भल्या माणसांच्या बोलण्यावरून भरून काढलं. घरची माणसं खूश होती, म्हणून कुणी तक्रार केली नाही. तक्रार नाही, म्हणून कुणी मोजलं नाही.

“अव्वा, तार परत लावा,” ती म्हणाली.  “खाच वरच्या बाजूला.”

घोरपडे सर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कोरे ताई,” ते हळू आवाजात म्हणाले, “एक सुचवू? बाकीच्यांचं मी वाचासेतूचे नियम ठरवणाऱ्या मुंबईच्या समितीला विचारतो. पण तुमच्या घरापुरती सवलत आत्ता लिहून टाका. पंधरा दिवसांची. उद्याची संमती झाली की काढून टाका. कुणी विचारणार नाही.”

“संमती कोण देईल सर? त्या खरखरीला विचारायचं का?”

“त्यांनी मागं हो म्हटलंय ना?”

“कुणी म्हटलंय, तेच मला माहीत नाही.” ती उठली. “हो असेल, तर ते त्यांचं हो मला पाहिजे.”

दुपारभर ती कामाला बसली. जुनं शून्य तिनं परत आणलं नाही, आणि नवं माप तसंच ठेवलं नाही. ते धडधाकट हुकूम सोडणाऱ्या रुग्णांसाठी ठरवलेलं होतं. त्यानं महांतेशसारखी माणसं कायमची मुकी झाली असती. तिनं पूर्ती बंद केली आणि ऐकायची पद्धत बदलली. नदीच्या पलीकडून कुणी हाक मारतंय आणि वारा सुटलाय अशी कल्पना करा. एका हाकेत काही कळत नाही. पण तो माणूस तीच हाक पुन्हा पुन्हा मारत राहिला, तर वारा दर वेळी वेगळा असतो आणि हाक तीच असते. सगळ्या हाका एकावर एक ठेवल्या की वारा पुसला जातो आणि हाक उरते. सर्व्हर आता तसं ऐकणार होता. रुग्णानं एकच शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणायचा. शब्द यायला काही मिनिटं लागतील, पण आलेला शब्द त्याचा असेल. सर्व हाका मिळूनही माप भरलं नाही, तर लाल दिवा.

संध्याकाळी हे सेटिंग सगळ्या घरांना लागू झालं. काही घरांत वडील पुन्हा बोलू लागले, सावकाश. काही घरांतून शिव्या आल्या. “आधीचं चांगलं चाललेलं का मोडलंत?” असं एका मुलानं विचारलं.

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर मुल्ला घरी आल्या. अव्वानं त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, त्यांनी वाकून नमस्कार केला. शिवलीलानं त्यांना सगळं सांगितलं होतं. अव्वालाही सांगितलं होतं, तारेचंसुद्धा. ते ऐकून अव्वा एवढंच म्हणाली होती, “मशीनला तरी माझ्या गोळीची आठवण हुती.”

“आधी साधे प्रश्न,” डॉक्टर म्हणाल्या. “ज्यांची उत्तरं आपल्याला माहीत आहेत असे. म्हणजे ऐकू येणारा शब्द खरा का ते कळेल. महांतेशराव, तुमचं नाव बसवराज आहे का?”

 पलंगाशेजारच्या पडद्यावर त्याच्या मेंदूतल्या हुकमाची एक बारीक रेघ वरखाली होत होती. कुकरची शिट्टी वाजली, रस्त्यावरून दसऱ्याची वाजंत्री गेली, तरी रेघ चालूच होती. अखेर हिरवा दिवा लागला.

“नाही.”

आवाज तोच होता, पण त्यात लाडीगोडी नव्हती.

“तुमचं दुकान बाजारात आहे का?”

बऱ्याच वेळानं, “हो.”

“आता तुम्ही विचारा,” डॉक्टर शिवलीलाला म्हणाल्या. “घरातलं काहीतरी.”

शिवलीलाला चटकन सुचेना. “अहो,” ती म्हणाली, “मी चहा चांगला करते का?”

रेघ हलत राहिली. अव्वानं पदरानं वारा घालायला सुरुवात केली, जणू त्याला श्रम होत होते.

“नाही.”

डॉक्टर मुल्लांना हसू आवरलं नाही. अव्वा तर मोठ्यानं हसली. “खरं बोल्ला! साखर वतती नुसती!” शिवलीलाही हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. गेलं वर्षभर रोज संध्याकाळी चहाची आठवण काढणारं माणूस या घरात नव्हतंच. आणि ज्याला तो चहा कधी आवडला नव्हता, तो मात्र बावीस वर्षं मुकाट्यानं पीत आला होता.

तिनं तोंड पुसलं. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली.

“महांतेशराव, आता खरा प्रश्न. घाई नाही. श्वासाचं यंत्र कायमचं लावलं तर तुम्ही बरेच महिने, कदाचित वर्षंही काढाल. नाही लावलं तर थोडे आठवडे. त्रास होऊ नये म्हणून औषध मी देईन. यंत्र लावू का?”

रेघ उठली, पडली, पुन्हा उठली. तीच हाक पुन्हा पुन्हा.

“नको.”

“न्हाई, न्हाई,” अव्वा म्हणाली. “चुकलं आसंल. परत इचारा.”

“विचारणारच आहे, अव्वा,” डॉक्टर म्हणाल्या. “उलटं करून विचारते. महांतेशराव, यंत्राशिवाय राहायचंय का?”

या वेळी हिरवा दिवा लवकर लागला. “हो.”

अव्वानं शिवलीलाचा दंड धरला. बोटं रुतत होती. “शिवे, तुझ्या हातात हाय न्हवं सगळं? ते आधीचं लाव. आधीचा हो म्हनत हुता. तुला नवरा नको झालाय काय?”

शिवलीलाच्या मांडीवर संगणक उघडा होता. त्यावरून घराची सवलत लिहायला एक ओळ पुरली असती. हो म्हणणारा नवरा त्या ओळीपलीकडे होता. मऊ बोलणारा, कदर करणारा. त्याच्याशी ती रोज संध्याकाळी बोलली होती, आणि खरं सांगायचं तर तो तिला आवडू लागला होता. 

“पाहिजे आहे,” ती अव्वाला म्हणाली. “म्हणूनच त्यांचं ऐकायचं.”

तिनं संगणक मिटला आणि डॉक्टरांना मान हलवून खूण केली. डॉक्टरांनी उत्तर लिहून घेतलं.

पण रेघ थांबली नव्हती. महांतेश अजून काही बोलत होता. तिघीही वाट बघत बसल्या. शब्द आला तो असा: “अव्वा.” मग पुष्कळ वेळानं, “बोलू.” आणि त्याहून उशिरा, “दे.”

“कुणाला बोलू द्यायचं?” शिवलीलानं जवळ वाकून विचारलं. “आधीचा आवाज? अव्वासाठी तो चालू ठेवू?”

“हो.”

“आणि माझ्यासाठी?”

दिवा लागायला इतका वेळ गेला की डॉक्टरांनी त्याची नाडी बघितली.

“नको.”

त्या दिवसापासून कोऱ्यांच्या घरी एका माणसासाठी दोन सेटिंग झाली. सकाळी अव्वाचा वेळ. तेव्हा पूर्ती चालू असे आणि डब्यावर पिवळा दिवा लागे, म्हणजे हे बोलणं माणसाचं नाही. अव्वाला ते पक्कं ठाऊक होतं.

“मशीन हाय गं, कळतंय मला,” ती शेजारणीला सांगे. “पर आवाज माझ्या पोराचा हाय. देवळातली मूर्ती काय बोलती व्हय? तरी जातावच की आपन.”

पिवळा दिवा लावून ती त्याला गावकीतली भांडणं सांगे, तो आवाज तिला गोळीची आठवण करी, आणि दोघांचं बरं चाले. वाचासेतूच्या इतर घरांनाही शिवलीलानं हाच पिवळा दिवा देऊ केला. समितीनं आधी कुरकूर केली, मग तोच नियम सगळीकडे लावला. पिवळ्या दिव्यातलं बोलणं ऐकायला, संमतीला नाही.

संध्याकाळ शिवलीलाची. ती आली की पूर्ती बंद करी आणि खुर्ची ओढून बसे. तासाभरात दोन शब्द येत, कधी तीन. गोड असं त्यांत काही नसे. “दुकान. विक.” असं एकदा आलं. एकदा, “नको. रघूला.” रघू म्हणजे बाजारातला दुसरा रिवायंडिंगवाला, त्याचा जन्माचा वैरी. तेव्हा ती खूप हसली. तिनं दुकान विकलं, रघूला नाही. “बरं केलंस,” हे दोन शब्द यायला अख्खी संध्याकाळ लागली. अशा बोलण्यात पहिल्यापहिल्यांदा तिला उपाशी राहिल्यासारखं वाटे. नंतर तिच्या लक्षात आलं की शब्द येण्याआधीचा वेळही त्याचाच असतो. त्या सगळ्या वेळात तो तिच्यासाठी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत असतो.

कार्तिकात श्वास आणखी उतरला. डॉक्टर मुल्ला रोज येऊ लागल्या. औषधानं त्याला त्रास नव्हता, पण हाका विरळ होत चालल्या होत्या.

त्या संध्याकाळी अव्वा देवापाशी बसली होती. शिवलीलानं पूर्ती बंद केली, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “आले हो.”

रेघ हलली. तो बोलायला लागला होता. ती वाट बघत राहिली. रेघ उठे, पडे. मधे अगदी सपाट होई, आणि मग पुन्हा उठे. एकच शब्द होता तो, की शब्द दोन होते, कळायला मार्ग नव्हता. सर्व्हर हाकांवर हाका रचत होता.

मग लाल दिवा लागला. उच्चार नाकारला. स्वत्व अपुरं.

माप तिनंच ठरवलं होतं. साऱ्या जिल्ह्यासाठी आणि आपल्यासाठी. तिचा मोबाइल जवळच होता. माप थोडं खाली ओढलं तर शब्द बाहेर आला असता, पण मग त्याच्या जागी कोण बोललं असतं, हे तिला खंडेनवमीला कळलं होतं. पिवळा दिवा लावला असता तर एक सुंदर वाक्यही मिळालं असतं.

डब्यावर पुन्हा लाल दिवा लागला. त्याला ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असेल तरी त्यानं मानलं नाही. रेघ तिसऱ्यांदा उठली.

शिवलीलानं डबा भिंतीकडे फिरवला, त्याचा दिवा दिसू नये म्हणून. ती पलंगाच्या कडेला सरकली आणि आपला गाल त्याच्या कपाळाला लावला.

“म्हणा,” ती म्हणाली. “ऐकतेय मी.”

पडद्यावर रेघ हलत होती. ती हलत होती तोवर शिवलीला ऐकत राहिली.